शेवटच्या बाकाची पोच

नवं नाटक बसायला लागलं की दीड-दोन महिने वरच्या मावशीशी कुणी धड बोलत नसे. ती जिन्यात दिसली की बोलत उतरणारे भिंतीला चिकटून गप्प उभे राहायचे. जेवणघरात ती डबा उघडून बसली की शेजारच्या टेबलावरची बडबड नळ बंद केल्यासारखी थांबायची आणि कुणीतरी उगाच हवापाण्याचं काढायचं. नव्यानं कामाला लागलेल्याला वाटायचं, या बाईनं काहीतरी शेण खाल्लेलं दिसतंय, वाळीत टाकलंय हिला. मग कुणीतरी त्याला कोपऱ्यात घेऊन सांगायचं, "वाळीत नाही रे टाकलं. जपतोय तिला. तिचा कान कोरा राहायला हवा."

कोरा कान ही त्या घराची रीत. घर म्हणजे राष्ट्रीय नाट्यगृह, पण तिथं काम करणारं कुणी एवढं लांबलचक नाव घेत नसे. मोठं घर म्हणायचे, किंवा नुसतंच घर. त्या घराच्या नियमांच्या पुस्तकात सातव्या नंबरावर पहिल्या संचालकांनी लिहून ठेवलं होतं की इथं नटाच्या आवाजाला यंत्राचा टेकू द्यायचा नाही, आणि शेवटच्या बाकावर शब्दन् शब्द पोचल्याशिवाय लोकांसाठी पडदा उघडायचा नाही. का, तर शेवटच्या बाकावर बसणारा बहुतेक वेळा सगळ्यात लांबून आलेला असतो, आणि घर त्याचंही तेवढंच आहे. नुसतं लिहून तो माणूस थांबला नव्हता. तिसऱ्या बाल्कनीच्या कठड्यावर त्यानं लिंबाएवढा एक हिरवा दिवा बसवून घेतला होता, त्याचं बटण शेवटच्या बाकाशी. नाव पोचेचा दिवा. शेवटच्या तालमीला शेवटच्या बाकावर एकच माणूस बसवायचं. त्यानं नाटक वाचलेलं नको, पाहिलेलं नको, त्यातलं एक वाक्यही ऐकलेलं नको. कारण माहीत असलेलं वाक्य ऐकू येत नसलं तरी येतं, मन मागून भर घालतं. अंक संपला की त्या माणसानं दिवा लावायचा. लागला, तर पोच मिळाली. नाही लागला, तर दिग्दर्शक कितीही मोठा असो, अंक पुन्हा.

गेली एकतीस वर्षं ते माणूस म्हणजे मावशी.

ती आली होती झाडलोटीला. तिसरी बाल्कनी तिच्या वाट्याला, एकशे अठरा पायऱ्या चढून. महिनाभर तिनं खाली रंगमंचाकडं धड पाहिलंही नव्हतं. बाकांखालची धूळ आणि ती. एका दुपारी बाकाचे हात पुसत असताना कानाशी कुणीतरी हळूच विचारलं, "कोण आहे तिकडं?"

इतक्या जवळून, की मानेवर श्वास लागल्यासारखं वाटलं. ती दचकली, फडकं हातातून पडलं, आणि तोंडातून निघून गेलं, "मी आहे हो! मी!"

मागं वळून बघते तर कुणीच नाही. खाली, अकराशे रिकाम्या खुर्च्यांच्या पलीकडं, अंगठ्याएवढा दिसणारा एक म्हातारा नट रंगमंचावर एकटाच उभा होता. तो नाटकातलं वाक्य म्हणून बघत होता, तेही कुजबुजून. ती कुजबूज अकराशे खुर्च्यांवरून चालत, तीन मजले चढून, तिच्या मानेपाशी येऊन उभी राहिली होती. तिच्या अंगावर काटा आला. तसा काटा तिला देवापुढंही कधी आला नव्हता.

तो नट वर बघून म्हणाला, "आहेस ना? मग ठीक आहे." तेव्हाचे संचालक खाली बसले होते, ते पोट धरून हसले. आठ दिवसांनी त्यांनी तिला बोलावून विचारलं, "बाई, वाचता येतं का?" ती म्हणाली, "येतं." ते म्हणाले, "मग आजपासून आमची नाटकं वाचायची नाहीत." नोकरी मिळाली ती अशी.

एकतीस वर्षांत तिनं घर आतून-बाहेरून पाहिलं. चपला-जोड्यांच्या खोलीत आठशे जोड भिंतीभर उभे, जणू माणसं नुसती वर उडून गेली आहेत आणि पाय इथं ठेवून गेली आहेत. कपडेपटात एक जांभळा अंगरखा होता, त्यात आजवर नऊ राजे मेले होते, आणि दर वेळी कपडेपटातली शिंपीण तलवारीचं भोक आतून शिवून घ्यायची. सुतारखान्यात राजवाडा आडवा पडलेला असायचा आणि त्यावर सुतार डबा खायचे. हंगाम संपला की तीन ट्रकांत हे सगळं चढायचं आणि जिथं रस्ता संपतो त्या गावांपर्यंत जायचं, शाळांच्या मैदानांवर, बाजाराच्या छपरांत. नव्वद वर्षांपूर्वीची नाटकं, जी दुसरं कुणी करणार नाही, ती हे घर आलटून पालटून जागी ठेवायचं, घराघरातली ठेवणीतली भांडी वर्षातून एकदा काढून घासतात तशी. मावशीला याचं अप्रूप कधी जुनं झालं नाही. ती नवऱ्याला सांगायची, "अहो, देशानं एक घर बांधलं, आणि ते कशासाठी, तर लोकांनी बसून दुसऱ्याचं दुःख ऐकावं म्हणून. कुणाच्या डोक्यात आलं असेल हो हे?"

नवरा बघत राहायचा. तो चाळीस वर्षं कापडगिरणीत मागावर होता, त्या खडखडाटानं त्याचे कान कधीच गेले होते. तिच्या ओठांवरून त्याला सगळं कळायचं. नसतं तेही कळायचं.

गेल्या हंगामात एक पत्र आलं होतं. दोन गाड्या बदलून यावं लागेल अशा गावच्या एका गुरुजींचं. दिग्दर्शकानं ते मावशीला दाखवलं. दिग्दर्शक म्हणजे हल्लीचा, चाळिशीचा, सारखा चष्मा कपाळावर चढवणारा, मावशीच्या समोर लहानाचा मोठा झालेला. पत्रात लिहिलं होतं: 'आम्ही बावीस जण शेवटच्या बाकावर होतो. दुसऱ्या अंकात आम्हाला फक्त हातवारे दिसले. पुढचे हसले की आम्ही हसलो. नाटक वाईट होतं असं आमचं म्हणणं नाही. ते आमच्यापर्यंत आलं नाही, एवढंच.'

मावशीला झोंबलं. दिवा तिनं लावला होता. "मला सगळं आलं होतं," ती फणकारली. "त्यांच्या कानात मळ असेल."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो शांतपणे म्हणाला, "बावीस माणसं म्हणजे चव्वेचाळीस कान. सगळ्यांत एकदम मळ?"

"तुम्ही नका बोलू कानांबद्दल!"

"बरं," तो म्हणाला, आणि थोड्या वेळानं उठून स्वयंपाकघरात गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात चहाची रिकामी किटली होती, बुड काळं पडलेली. "शिट्टी वाजत होती म्हणे. मघाशी शेजारीण मागच्या दारानं आत येऊन सांगून गेली. मला नाही आली ऐकू. मला येत नाहीच. तुझं काय?"

ती त्याच्यावर अशी उखडली, की दोन दिवस बोलली नाही. बहिऱ्या माणसाशी अबोला धरण्यात काही मजा नाही, हेही तिला त्याच दोन दिवसांत कळलं.

यंदाचं नाटक मात्र कोरं करकरीत होतं. तीन वर्षांत पहिलंच नवं. मधली सगळी जुनीच नाटकं पुन्हा उभी केलेली होती, आणि सवयीनं त्यांच्याही दिव्याला मावशीच बसली होती. आणि त्यात बाई होत्या. बाई म्हणजे बाईच. घरात पन्नास बायका कामाला असतील, पण बाई म्हटलं की एकच. सत्तरी ओलांडलेली, गुडघे दुखत असले तरी चालताना फरशीला कळू न देणारी. मावशी लागली त्याच वर्षी बाईही घरात आल्या होत्या. बाईंना पोच मिळाली नाही असा अंक एकतीस वर्षांत झाला नव्हता.

शेवटच्या तालमीची वेळ दुपारी तीनची. अडीचला मावशी पायऱ्या चढायला लागली. पहिल्या वळणावर घंटीवाले काका भेटले. नाटकाच्या तीन घंटा देणं आणि नटांना वेळेवर आत-बाहेर हाकणं हे त्यांचं काम. जीभ तिखट आणि माणूस गूळ.

"काय वरचे सरकार, येताय का पोच द्यायला?"

"तुमची घंटा आली तरी पुरे."

"माझी घंटा मेलेल्याला उठवते. गेल्या वर्षी नवव्या राजाला उठवलं होतं, विचारा शिंपिणीला."

ती हसत वर गेली. आपल्या जागी, शेवटच्या बाकाच्या मधोमध, बसली. दिव्याच्या बटणावरची धूळ पदरानं पुसली. खाली अंधार झाला.

पहिला अंक गजबजलेला होता. बाजार, भांडणं, ढोल. बरंचसं आलं, जे निसटलं ते गडबडीत निसटलं असं तिनं स्वतःला सांगितलं. तरी उजवा कान पुढं करून बसावं लागतंय हे तिच्या लक्षात आलं होतं. दिवा लावला. दुसऱ्या अंकात दोन भाऊ मोठमोठ्यानं भांडले. दिवा लावला, पण बोट जरा रेंगाळलं.

तिसरा अंक उघडला तेव्हा रंगमंचावर काही नव्हतं. एक लाकडी स्टूल, त्यावर बाई. आयुष्यभर गावातल्या बायकांची बाळंतपणं केलेली म्हातारी सुईण, एवढं पहिल्या दोन अंकांत कळलं होतं. तिच्यावर काहीतरी आळ आला होता. आता ती बोलणार होती.

बाईंचे ओठ हलले.

मावशी थांबली. बाई आधी पुटपुटत असतील, मग आवाज चढेल. ओठ हलत राहिले. बाईंनी हात उचलला, ओंजळ केली, ओंजळीत बघून काहीतरी विचारलं, आणि ओंजळ उघडली. मावशीपर्यंत काहीच आलं नाही. अकराशे खुर्च्या ओलांडून आली ती नुसती शांतता, जाड, धुतलेल्या घोंगडीसारखी ओली.

आणि मग तिला सगळं एकदम समजलं. तीन वर्षं. तीन वर्षं तिनं ज्या नाटकांना दिवा लावला ती सगळी जुनी होती, तिला पाठ होती. ओठ तिकडं हलायचे आणि वाक्य हिच्या डोक्यात वाजायचं. कान कोरा ठेवायचा नियम का होता हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? आणि तरी तीच फसली होती. गुरुजींना हातवारे दिसले होते. बावीस माणसं दोन गाड्या बदलून आली होती, आणि पुढचे हसले की हसली होती.

अंक संपला. रंगमंचावर सगळे नट येऊन उभे राहिले, वर बघत. बाईही बघत होत्या. बटण बोटाखाली होतं. दाबलं की संपलं. परवा खेळ, हार, टाळ्या, आणि पुढच्या वर्षी तिची निवृत्ती गुपचूप. बाईंचा आवाज तीन मजले चढला नसेल असं या घरात कोण म्हणणार? चूक असेल तर हिच्याच कानाची. मग लावावा की दिवा.

पण जर दोन्ही असेल तर?

तिनं हात बटणावरून उचलला आणि मांडीत घेतला.

एक मिनिट गेलं. खाली कुणीतरी खोकलं असावं, कारण दोन माना तिकडं वळल्या. दिग्दर्शक सातव्या रांगेतून उठला, मागं वळला, चष्मा कपाळावर चढवला. मग जिन्यात त्याची पावलं... ती ऐकू आली नाहीत, पण दार उघडलं तेव्हा तो धापा टाकत होता.

"मावशी? दिवा गेला का? वायरमनला बोलावू?"

"दिवा ठीक आहे, सर." तो तिच्यासमोर शेंबडा होता तेव्हाही ती त्याला सर म्हणायची, चेष्टेनं. आता चेष्टा नव्हती. "मला आलं नाही."

"कुठलं वाक्य?"

"एकही नाही."

तो बाकावर बसला. "मावशी, बाई आहेत त्या."

"मला दिसतंय कोण आहे ते. कान माझा गेलाय, हे आज मला कळलं. पण नुसता माझा कानच गेलाय की तिकडचा आवाजही, हे मला सांगता येणार नाही. म्हणून दिवा लावणार नाही. तुम्ही खालची माणसं वर आणा. सगळी. बसवा इथं. त्यांना विचारा."

"त्यांनी तालमी ऐकल्यात. त्यांचे कान कोरे नाहीत."

"सगळ्यांनी नाही ऐकल्या. चपलावाला ऐकतो का? जेवणघरातल्या? हिशेबवाले तर नाटकाला येतच नाहीत. त्यांना आणा."

त्यानं कठड्यावरून वाकून खाली हाक मारली. आणि मग मावशीनं एकतीस वर्षांत पाहिलं नव्हतं ते पाहिलं. घर वर चढून आलं. चपलावाला हातात टाच घेऊनच आला. शिंपिणीच्या गळ्यात मोजायची पट्टी होती. सुतार आले, केसांवर भुसा. जेवणघरातल्या तिघी ओले हात पुसत. हिशेबवाले एकमेकांना विचारत, की आग लागलीय का. वायरमन, रंगारी, ट्रकचे चालक. चाळीसेक माणसं. यांतली निम्मी पहिल्यांदाच तिसऱ्या बाल्कनीत आली होती. कठड्यापाशी येताच प्रत्येक जण थबकायचा. खाली बघायचा आणि आवाज खाली करायचा, आपोआप. "अगं बाई," जेवणघरातली एक म्हणाली, मावशीच्या अगदी कानाशी म्हणून ती कळली, "एवढं मोठं आहे होय हे?"

"बसा," मावशी म्हणाली. "पुढं बघा."

दिग्दर्शकानं खूण केली. बाई परत स्टुलावर बसल्या. ओठ हलले.

मावशीनं रंगमंचाकडं पाहिलंच नाही. ती चेहऱ्यांकडं बघत बसली. रंगमंचावरचा उजेड इथवर येईतो विरून राखाडी व्हायचा, पण माणसं ओळखू यायची. माना पुढं झाल्या होत्या. चपलावाल्यानं कानामागं हात धरला. रंगाऱ्यानं शिंपिणीला कोपरानं ढोसलं आणि भुवयांनी विचारलं, काय म्हणाल्या? तिनं खांदे उडवले. हिशेबवाला छताकडं बघत होता. चाळीस चेहरे कोरे, दळण आणायला गेलेल्या माणसासारखे ताटकळलेले.

तिनं दिग्दर्शकाचा हात दाबला. तो बघतच होता. त्याचा चेहरा उतरला होता. दोन वर्षांत तो इथं येऊन बसला नव्हता.

तो उठला आणि कठड्यावर दोन्ही हात ठेवून ओरडला, इतक्या मोठ्यानं की मावशीलाही आलं, "बाई! नाही येत!"

असं या घरात बाईंना कुणी कधी म्हटलं नव्हतं. खाली विंगेत उभे असलेले नट पुतळे झाले. बाई स्टुलावरून हळूच उठल्या.

वायरमननं पुढं वाकून काहीतरी सुचवलं. बाईंनी खालून काहीतरी फेकल्यासारखं उत्तर दिलं, आणि अख्खा बाक हसण्यानं हलला. मावशीनं सगळ्यांच्या मागोमाग वर आलेल्या घंटीवाल्याकडं पाहिलं. त्यानं तोंड तिच्या कानाला लावलं. "हा म्हणाला, पदराच्या आत बारकासा माईक लपवू, कुणाला कळणार नाही. बाई म्हणाल्या, तुझ्या लग्नात लाव, तिथं तुझं कुणी ऐकणार नाही!"

मग बाईंनी स्टूल बाजूला सारायला लावलं. चपला काढल्या. दोन पावलं पुढं आल्या आणि वर बघितलं, सरळ शेवटच्या बाकाकडं, जणू एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिथं कुणी बसतं हे त्यांना दिसत होतं. बराच वेळ नुसता श्वास घेतला. त्या ओरडणार असं मावशीला वाटलं. त्या ओरडल्या नाहीत. ओठ सावकाश हलले, एकेक शब्द दाण्यासारखा निवडून ठेवल्यासारखे.

आणि चेहऱ्यांवर ते आलं.

सगळ्यांवर एकदम नाही आलं. संध्याकाळी समोरच्या उतारावर घरांत दिवे लागतात, आधी एक, मग दुसरीकडं दोन, मग बघता बघता सगळा उतार, तसं. आधी शिंपिणीचा हात पट्टीवर थांबला. मग जेवणघरातल्या एकीनं दुसरीचं मनगट धरलं. चपलावाल्याचा कानामागचा हात खाली आला. गरज उरली नव्हती. छताकडं बघणारा हिशेबवाला समोर बघायला लागला आणि बघतच राहिला. वायरमननं मान खाली घातली. ट्रकचा एक चालक, दाराच्या चौकटीएवढा माणूस, तोंड उघडं टाकून बसला होता, आणि त्याच्याकडं बघून मावशीला दिसलं की हा आत्ता इथं नाही, हा आपल्या आईपाशी आहे. बाईंनी खाली ओंजळ केली. इथं वर, कुणाच्याही नकळत, दोन-तीन ओंजळी मिटल्या.

मावशीला एक शब्द ऐकू येत नव्हता. तिच्या अंगावर मात्र काटा आला, तोच, पहिल्या दुपारचा. अकराशे खुर्च्यांवरून एक म्हातारी बाई अनवाणी चालत येते आणि चाळीस माणसांच्या आत शिरते. रोज होतं हे इथं, रोज, आणि मावशी एकतीस वर्षं त्याकडं पाठ करून रंगमंच बघत बसली होती.

तिनं दिवा लावला.

खालच्या नटांनी टाळ्या वाजवल्या. त्या थांबेपर्यंत थांबून ती उभी राहिली. "सर, एक सांगायचंय, सगळ्यांसमोर. ही पोच मी यांच्या तोंडावरून दिली. मला अजूनही काही आलेलं नाही. गेली तीन वर्षं आलेलं नाही. ते गुरुजी खरं बोलत होते. मी खोटा दिवा लावला."

घंटीवाल्या काकांनी सरकून तिला बसायला जागा करून दिली.

बाई वर आल्या त्या वीस मिनिटांनी. एकशे अठरा पायऱ्या, दर वळणावर थांबत. बाकावर टेकल्या, गुडघे चोळत मावशीच्या उजव्या कानापाशी तोंड नेलं.

"काय गं, दर वेळी एवढं चढतेस?"

"चढायचे."

"माझा आवाज वर्षभरापासून बसतोय. मला कळत होतं. खाली सगळे म्हणतात, वा बाई, वा. मी म्हटलं, वरची बसलीय ना, ती सांगेल." त्या थांबल्या. "सांगितलंस."

"उशीर केला."

"केलास. मीही केला." मग त्यांनी बाकाचा हात थोपटला. "ये जवळ, ते भाषण तुझ्या कानात म्हणते. एकटीसाठी."

मावशी मागं सरकली. "अजिबात नको! परवा पहिला खेळ आहे."

"मेले, कान गेला आणि कोरा कसला ठेवतेस अजून!"

"सवय आहे. दुसऱ्या खेळाला पहिल्या रांगेत बसवा मला, तिथून ऐकेन."

"पहिल्या रांगेत माझी थुंकी उडते."

"छत्री आणेन."

खाली कार्यालयात गुरुजींचं पत्र सापडायला अर्धा तास गेला. वर शाळेचा फोन नंबर होता. मावशीला फोनवर काय ऐकू येणार. फोन घंटीवाल्यानं लावला आणि ती शेजारी उभी राहून सांगत गेली. "म्हणावं, चूक तुमची नव्हती. म्हणावं, आवाज पोचला नव्हता आणि आम्ही पोचला म्हणून सांगितलं. म्हणावं, परवा या. बावीसच्या बावीस. तोच बाक." घंटीवाल्यानं फोनवर हात ठेवला. "ते विचारतायत, कोण बोलतंय?" मावशी म्हणाली, "सांगा, शेवटचा बाक."

दिग्दर्शकानं तिला दुसऱ्या दिवशी बोलावून विचारलं, आता दिव्याला कुणाला बसवायचं. ती म्हणाली, "एकाला नका बसवू. दर वेळी बाहेरून वीस माणसं आणा. दवाखान्यातून आणा, बाजारातून आणा, ट्रक जातात त्या गावांतून आणा. मी त्यांच्या बाजूला बसते. ती ऐकतील, मी त्यांना बघेन." त्यानं चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि वहीत लिहून घेतलं. सातव्या नियमाखाली, पेन्सिलीनं.

पहिल्या खेळाच्या संध्याकाळी घर भरलं. गुरुजी आले, सडपातळ, इस्त्रीचा सदरा प्रवासात चुरगळलेला, मागं एकवीस जण. मावशीनं त्यांना एकेक करून जागेवर बसवलं. ती स्वतः बाकाच्या टोकाला बसली, तिच्या पलीकडं, बाजूच्या कठड्याशी, नवरा. दर पहिल्या खेळाला तो येतो, तळवा कठड्यावर टेकून बसतो. झोप लागू नये म्हणून टेकतो, असं तिला वाटायचं. आज तिनं विचारलं, "हे काय करता हो नेहमी?"

त्यानं तिचा हात उचलून कठड्यावर आपल्या हाताशेजारी ठेवला. घंटा झाली तेव्हा लाकूड किंचित थरथरलं. पहिल्या अंकात लोक हसले, तेव्हा हसू खालच्या मजल्यांतून चढत तिच्या तळव्यात आलं, मांजर घुरघुरतं तसं. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. एवढी वर्षं हा नाटक बघत होता, आणि तिला वाटायचं बसून राहतोय.

"सांगितलं का नाही कधी?"

"तू म्हणायचीस ना, तुम्ही नका बोलू कानांबद्दल."

तिसरा अंक उघडला. बाई अनवाणी आल्या. कठडा गप्प झाला. अकराशे माणसं श्वास धरून बसली की लाकडालाही कळतं. मावशी रंगमंचाकडं वळलीच नाही. ती गुरुजींकडं बघत होती. आधी त्यांची मान पुढं आली. बाईंनी श्वास घेतला असावा. मग गुरुजींची मान हळूहळू मागं आली. पाठ बाकाला टेकली. चुरगळलेल्या सदऱ्यावरचे दोन्ही हात सुटे झाले, आणि पुढं कुणी हसायच्या आत ते स्वतःच हसले, एकटेच, मग डोळे पुसले, आणि त्यांच्या पलीकडच्या एकवीस जणांवरून ते पसरत गेलं, टोकापर्यंत.

भाषण संपल्यावर गुरुजी तिच्याकडं वळले. ओठ हलले. काहीतरी लांबलचक सांगत होते, कुजबुजत, घाईघाईनं, हातवारे करत.

तिला काहीच ऐकू आलं नाही. तिनं परत विचारलंही नाही. मान हलवली, आणि एकतीस वर्षांच्या सवयीनं रंगमंचाकडं बोट केलं.

"पुढं बघा, गुरुजी," ती म्हणाली. "अजून आहे."